शेवटच्या पोत्याचा हिशेब: पीक न गमावता खाडीकडे जाणारं खत कसं रोखायचं

जगभरची सरासरी पाहिली तर शेताला दिलेल्या नत्रापैकी निम्म्याच्या आसपासच कापणीबरोबर बाहेर येतं. बाकीचं काही हवेत उडतं, काही मातीत राहतं, आणि काही ओढ्यानदीतून खाडीच्या मुखाशी पोचतं. तिथे त्यावर शेवाळ माजतं, शेवाळ कुजताना तळाचा प्राणवायू संपतो आणि मासळी पळते किंवा मरते. यावर उपाय म्हणून खतच बंद केलं तर काय होतं, हे श्रीलंकेत २०२१ मध्ये दिसलं. रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली, भाताचं उत्पादन कोसळलं आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली.

खताचा शेवटचा हिस्सा धान्यात फारशी भर घालत नाही, पण समुद्राचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. तो हिस्सा किती आहे, कधी आणि कुठून निसटतो, हे मोजता येतं. पाणलोटातले शेतकरी गट, मच्छीमारांच्या संस्था आणि या दोघांना एकत्र बसवू पाहणारे कार्यकर्ते, यांच्यासाठी ती पद्धत इथे मांडली आहे.

एक किलो नत्र खाडीत काय करतं

समुद्रातल्या वनस्पती प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाच्या) शरीरात कर्ब, नत्र आणि स्फुरद यांचं प्रमाण अणूंच्या मोजणीत साधारण १०६ : १६ : १ असतं. वजनात सांगायचं तर १ किलो स्फुरदामागे सुमारे ७ किलो नत्र. याच प्रमाणाने हिशेब केला तर १ किलो नत्रावर वाढलेलं शेवाळ पुरतं कुजायला जवळपास २० किलो प्राणवायू लागतो. उबदार समुद्राच्या एका घनमीटर पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम ६ ग्रॅम. म्हणजे एक किलो नत्र तीन हजार घनमीटरांहून जास्त पाण्यातला प्राणवायू संपवण्याच्या ताकदीचं असतं.

दर वेळी एवढं नुकसान होत नाही. शेवाळाचा काही भाग मासे आणि शिंपले खातात, काही खोल समुद्रात वाहून जातो, काही नत्र गाळातले जिवाणू पुन्हा वायूरूपात हवेत सोडतात. खरी अडचण येते ती पाण्याचे थर पडल्यावर. नदीचं हलकं गोडं पाणी वर राहतं, जड खारं पाणी खाली. वरचं शेवाळ मरून खाली पडत राहतं आणि खालच्या थराला हवा मिळत नाही. म्हणूनच तेवढ्याच नत्राने एक खाडी गुदमरते आणि भरतीच्या जोरावर ढवळली जाणारी शेजारची खाडी निभावून जाते. दुसऱ्या खाडीचे आकडे आपल्या खाडीला लावू नयेत, ते यासाठी.

विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलीग्रॅमच्या वर असेल तर बहुतेक मासळीला त्रास नाही. ३ च्या खाली आला की पोहणारी मासळी जागा सोडू लागते. २ च्या खाली तळावरची जाळी रिकामी येतात, आणि पळता न येणारे किडे, शिंपले, लहान खेकडे मरतात. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात असा पट्टा तयार होतो. १९८५ पासून तो मोजला जातो आणि २०१७ मध्ये तो २२,७२० चौरस किलोमीटर भरला होता.

मासेमारांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कमी प्राणवायूच्या पट्ट्यातून पळालेली मासळी आणि कोळंबी त्याच्या काठावर गर्दी करते, त्यामुळे काही दिवस जाळ्यात नेहमीपेक्षा जास्त माल येतो. याला सुगी समजू नका. साठा तेवढाच किंवा कमी असतो, फक्त एका जागी गोळा झालेला असतो. आखातातल्या तपकिरी कोळंबीत तर एकूण वजनापेक्षा आकारावर परिणाम दिसला: मोठी कोळंबी कमी, लहान जास्त, आणि दोन्हींच्या भावातली तफावत वाढलेली. नोंदवहीत नुसते किलो लिहिले तर हा फरक कधीच दिसणार नाही. आकाराचे वर्ग करूनच नोंद ठेवा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पोषकद्रव्यं शून्यावर आणली तर मासळीही घटते. आस्वानचं मोठं धरण झाल्यावर १९६० च्या दशकात नाईलचा गाळ अडला आणि मुखाजवळची मासेमारी ढासळली. १९८० च्या दशकात ती पुन्हा वाढली, आणि त्यामागे शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी यांचा मोठा वाटा मानला जातो. जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात १९७२ मध्ये तांबड्या लाटेने, म्हणजे विषारी शेवाळाच्या उद्रेकाने, पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मारले. त्यानंतर कडक नियम आले आणि पाणी निवळलं. पण पुढे नत्र इतकं घटलं की नोरी या शेवाळाच्या शेतीचा रंग उतरू लागला. शेवटी २०२१ मध्ये कायदा बदलून गरज असेल तिथे पोषकद्रव्यं सोडण्याची मुभा द्यावी लागली. तेव्हा लक्ष्य शून्याचं ठेवू नका. तळाचा प्राणवायू ३ च्या खाली जाऊ न देणारा नत्राचा भार, हे मासेमारीच्या दृष्टीने कामाचं लक्ष्य आहे.

आधी खात्री करा: दोष खताचाच आहे का

सगळा ठपका शेतावर ठेवून सुरुवात केली की पहिल्याच बैठकीत शेतकरी उठून जातात, आणि बऱ्याचदा त्यांचं म्हणणं रास्त असतं. म्हणून आधी स्रोतांचा ढोबळ ताळेबंद मांडा. त्याला एक दुपार पुरते.

माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला सुमारे १२ ग्रॅम नत्र बाहेर पडतं, वर्षाला साधारण ४.४ किलो. १०,००० वस्तीचं सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जात असेल तर ते वर्षाला ४४ टन नत्र झालं. शेतासाठी आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) हिशेबातला ठोकताळा वापरा: ओल्या हवामानात दिलेल्या नत्रापैकी सुमारे २४ टक्के पाझरून किंवा वाहून जातं. २,००० हेक्टरवर हेक्टरी १५० किलो, म्हणजे ३०० टन दिलं, तर ७२ टन शेताबाहेर पडलं. त्यातलंही काही वाटेत, ओढ्यांच्या गाळात आणि पाणथळ जागांत, वायू होऊन उडतं. या उदाहरणात दोन्ही स्रोत जवळजवळ तुल्यबळ निघतात, तेव्हा केवळ शेतावर बोट ठेवून भागणार नाही. मत्स्यपालनाचे पिंजरे किंवा कोळंबीची तळी असतील तर खाद्यातलं नत्रही धरा: खाद्याचे किलो × प्रथिनांचं प्रमाण ÷ ६.२५, त्यातून विकलेल्या मासळीतलं नत्र वजा.

काही किनाऱ्यांवर खोल समुद्रातलं कमी प्राणवायूचं पाणी वाऱ्यामुळे वर येतं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र याचं ठळक उदाहरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी तिथे तळाचा प्राणवायू खताविनाही घटतो, आणि खत त्यात भर घालतं. ओळखायची खूण अशी: वर आलेलं पाणी थंड आणि खारं असतं, तर नदीमुळे पडलेल्या थरात वरच्या पाण्याचा खारेपणा स्पष्ट कमी दिसतो. म्हणून प्राणवायूबरोबर तापमान आणि क्षारता मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

शेताचा ताळेबंद

प्रत्येक शेतासाठी दोन आकडे काढा: शिल्लक (आत गेलेलं नत्र वजा पिकाबरोबर बाहेर गेलेलं) आणि वापर-कार्यक्षमता (बाहेर गेलेलं ÷ आत गेलेलं). युरियात ४६ टक्के नत्र असतं, डीएपीत १८. समजा एक हेक्टर भाताला २६० किलो युरिया (१२० किलो नत्र), १०० किलो डीएपी (१८ किलो) आणि ५ टन शेणखत (०.५ टक्क्याने २५ किलो) दिलं. आत गेलं १६३ किलो. बाहेर गेलं ते ५ टन धान्यातून (१.२ टक्क्याने) ६० किलो, आणि पेंढा शेतातून उचलला असेल तर ५ टनांतून (०.६ टक्क्याने) ३० किलो. शिल्लक ७३ किलो, कार्यक्षमता ५५ टक्के. पेंढा शेतातच राहिला तर ते ३० किलो बाहेर धरू नका.

युरोपातल्या नत्र तज्ज्ञगटाने ५० ते ९० टक्के ही कार्यक्षमता योग्य मानली आहे आणि शिल्लक हेक्टरी ८० किलोच्या आत ठेवायला सांगितलं आहे. ५० च्या खाली नासाडी. ९० च्या वर गेलं तर जमीन खरवडली जाते आहे, असं समजा. ते आज स्वस्त वाटतं, पण काही वर्षांनी सेंद्रिय कर्ब आणि उत्पादन दोन्ही उतरतं.

या ताळेबंदात दोन चुका सर्रास होतात. पहिली, पाण्यातलं नत्र धरायचं राहून जातं. विहिरीच्या पाण्यात लिटरला ५ मिलीग्रॅम नायट्रेट-नत्र असेल आणि हंगामात ५०० मिलिमीटर पाणी दिलं, तर हेक्टरी २५ किलो नत्र फुकट मिळालेलं असतं. दुसरी चूक एककांची. चाचणीच्या पट्टीवर किंवा प्रयोगशाळेच्या कागदावर 'नायट्रेट' लिहिलंय की 'नायट्रेट-नत्र' ते बघा, कारण दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. पोत्यावरचं स्फुरदही पेंटॉक्साइडच्या रूपात छापलेलं असतं. मूळ स्फुरद काढायला त्याला ०.४४ ने गुणा.

किती कमी करायचं ते पट्ट्यांवरून ठरवा

पिकाचा खताला मिळणारा प्रतिसाद आधी चढतो आणि मग सपाट होत जातो. उदाहरणादाखल असा चढ धरा: १०० किलो नत्राला ४,५०० किलो धान्य, १२० ला ४,६६०, १५० ला ४,७५०. शेवटच्या ३० किलोंनी दिलं ९० किलो धान्य, आणि त्या धान्यात नत्र आहे फक्त एक किलोच्या आसपास. पेंढ्यात थोडं गेलं असं धरलं तरी पंचवीसहून जास्त किलो मोकळं राहिलं. गळतीचा चढ नेमका उलटा असतो: पिकाच्या गरजेपर्यंत मंद, आणि गरज ओलांडली की एकदम उभा.

पण गरज नेमकी कुठे संपते, हे पुस्तकी शिफारशीवरून कळत नाही. एकाच गावातल्या दोन शेतांत ती ४० किलोंनी वेगळी असू शकते. त्यासाठी शेतातच पट्टे पाडा:

१. नेहमीची मात्रा, १५ टक्के कमी, ३० टक्के कमी आणि बिनानत्र, असे चार पट्टे. स्फुरद आणि पालाश सगळीकडे सारखं. त्यांची कमतरता असेल तर नत्राचा प्रतिसाद खोटा दिसतो.

२. पट्टा किमान ५ मीटर रुंद किंवा कापणी यंत्राच्या रुंदीएवढा. शक्य असेल तर प्रत्येक पट्टा तीन जागी.

३. जुना उकिरडा, गोठ्याजवळचा कोपरा, झाडाची सावली आणि बांधाकडेचे दोन मीटर टाळा.

४. वजन मधल्या भागाचंच घ्या आणि ओलावा मोजून सगळं १४ टक्के ओलाव्यावर आणा. ओलं धान्य जड भरतं, आणि ज्या पट्ट्याला नत्र जास्त तो उशिरा पिकतो. ही दुरुस्ती केली नाही तर जास्त खत उगाच जिंकतं.

५. निदान तीन हंगाम करा. पहिल्या वर्षी मातीतला जुना साठा कमी मात्रेची तूट झाकतो. एकाच वर्षाच्या निकालावर ३० टक्के कपात केली की तिसऱ्या वर्षी फसगत होते.

बिनानत्र पट्ट्याचं उत्पादन जमिनीची स्वतःची ताकद सांगतं. ते नेहमीच्या पट्ट्याच्या जवळ असेल, तर त्या शेतात पहिली कपात लगेच करता येते.

धान्याच्या प्रतीकडेही लक्ष हवं. डेन्मार्कने १९९० च्या दशकाच्या अखेरीस शेतांचा नत्र-कोटा आर्थिकदृष्ट्या योग्य मात्रेच्याही खाली नेला. समुद्राला फायदा झाला, पण गव्हातली प्रथिनं घटत गेली आणि २०१६ च्या सुमारास कोटा सैल करावा लागला. योग्य मात्रेपर्यंत उतरायला शेतकऱ्याला जवळजवळ काही गमवावं लागत नाही. त्याच्या खाली उतरायला सांगायचं असेल, तर भरपाईची तयारी ठेवूनच सांगावं.

वेळ आणि जागा

कपातीपेक्षाही जास्त गळती वेळ साधून थांबते. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही, म्हणून माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते सरळ खाली उतरतं. अमोनियमला माती धरते. युरिया मातीत पडल्यावर काही दिवसांत अमोनियम होतो आणि त्यानंतर काही दिवस-आठवड्यांत नायट्रेट. या काळात मुळं लहान असतील आणि पाऊस मोठा असेल, तर दिलेलं खत खाडीच्या वाटेला लागलंच म्हणून समजा. पेरणीच्या वेळी एकूण नत्राच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नका. उरलेलं पिकाच्या वाढीच्या वेगाप्रमाणे दोन किंवा तीन वरखतांत द्या.

वरखत देताना दोन धोके एकमेकांविरुद्ध ओढतात. युरिया कोरड्या पृष्ठभागावर उघडा राहिला तर अमोनिया होऊन उडतो, आणि उष्ण, दमट, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. त्यावर जोराचा पाऊस पडला तर तो वाहून जातो. हवा असतो १० ते १५ मिलिमीटरचा हलका पाऊस किंवा तेवढं पाणी, किंवा खत ५ सेंटिमीटर मातीआड करणं. पुढच्या ४८ तासांत मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर पोतं उघडू नका. वाफशावर खत देऊन कोळपणी केली की दोन्ही धोके टळतात. नीमलेपित युरिया नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो, पण उडणारा अमोनिया तो थांबवत नाही. त्याच्या भरवशावर युरिया उघडा टाकू नये.

भाताच्या खाचरात नियम वेगळे. लावणीनंतर पंधरा दिवसांनी पानांच्या रंगाचा तक्ता वापरायला लागा आणि फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी बघा. दहा चुडांतलं सगळ्यात वरचं पूर्ण उघडलेलं पान घ्या, स्वतःच्या अंगाच्या सावलीत तक्त्याशी जुळवा, आणि शक्यतो एकाच माणसाने, दर खेपेला दिवसाच्या त्याच वेळी. दहापैकी सहा किंवा जास्त पानं ठरलेल्या रंगापेक्षा फिकी असतील (तक्त्यावरचा क्रमांक लावणीच्या भाताला बहुधा ४, काही वाणांना ३), तरच हेक्टरी २० ते ३० किलो नत्र द्या. गंधकाच्या किंवा जस्ताच्या कमतरतेनेही पान पिवळं पडतं. ते नत्राने हिरवं होत नाही आणि दिलेलं सगळं वाया जातं.

युरिया ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली युरियाची मोठी गोळी, हा भातातला सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. लावणीनंतर सुमारे आठवड्याने चार चुडांच्या मध्ये एक ब्रिकेट (१.८ किंवा २.७ ग्रॅमची) ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात दाबा आणि भोक बंद करा. तिथे प्राणवायू नसल्यामुळे अमोनियमचं नायट्रेट होत नाही आणि ते मुळांच्या टप्प्यात राहतं. साधारण एक तृतीयांश युरिया वाचतो. वरवर दाबली तर ती फोकलेल्या युरियासारखीच विरघळून जाते, आणि वाळूच्या, पाणी झिरपणाऱ्या जमिनीत अमोनियमही खाली उतरतं, म्हणून तिथे ही पद्धत करू नका. मजुरी जास्त लागते, हा तिचा खरा तोटा.

खत फोकूनच द्यायचं असेल तर आधी खाचरातलं पाणी उतरवा, खत द्या, मग ३ ते ५ सेंटिमीटर पाणी भरा आणि आठवडाभर मोरी बंद ठेवा. खेकड्या-उंदरांची बिळं बुजवा. वाहत्या खाचरात खत टाकणं म्हणजे ते ओढ्यात टाकणंच होय.

स्फुरदाची वाट निराळी आहे. ते मातीला चिकटून बसतं आणि धुपणाऱ्या मातीबरोबर जातं, वर्षातल्या मोजक्या मोठ्या पावसांत जवळजवळ सगळं. म्हणून उपाय म्हणजे उताराला आडवी मशागत, उघडी जमीन झाकणं आणि बांध. माती परीक्षणात ऑल्सेन पद्धतीने स्फुरद किलोला २५ मिलीग्रॅमच्या वर आलं तर काही वर्षं स्फुरदयुक्त खत थांबवलं तरी बहुतेक पिकांना कळत नाही. नमुना ० ते १५ सेंटिमीटरचा, नागमोडी चालत १५ ते २० जागांचा.

सेंद्रिय खताबद्दल एक गैरसमज खाडीला महाग पडतो. शेणखत आणि विशेषतः कोंबडीखतात नत्राच्या मानाने स्फुरद जास्त असतं. पिकाची नत्राची सगळी गरज त्यातून भागवली तर दरवर्षी स्फुरद साचत जातं, आणि जमीन भरली की ते विरघळलेल्या रूपातही वाहू लागतं. कोंबडीखताची मात्रा स्फुरदावरून ठरवा, उरलेलं नत्र युरियाने भरा. बिनानांगरणीच्या शेतातही लक्ष ठेवा. तिथे माती धुपत नाही हे चांगलं, पण वर टाकलेलं स्फुरद वरच्या दोन इंचांत साठतं आणि पाण्यात विरघळून जातं. खत पेरून मातीआड दिलं की हा दोष राहत नाही.

शेताच्या कडेला अडवणं

शेतात चुकलेलं कडेला पकडता येतं, पण अर्धवटच. ओढ्याकाठी ५ ते १० मीटरचा दाट गवताचा पट्टा मातीचे कण आणि त्यांना चिकटलेलं स्फुरद चांगलं अडवतो. पाणी पसरून आलं तरच. बहुतेक पट्टे निकामी ठरतात ते पाणी एखाद्या घळीतून सरळ पार होतं म्हणून. पावसात छत्री घेऊन जा, पाणी कुठून जातं ते बघा आणि तिथे दगडी बांध घालून ते पसरवा. गवत कापून बाहेर न्या, नाहीतर पट्ट्यातच स्फुरद साचतं. निचऱ्याचे पाइप घातलेले असतील तर पाणी पट्ट्याच्या खालून जातं आणि नायट्रेट अडतच नाही.

पाइपाच्या तोंडाशी लाकडाच्या चिपांचा चर हा नायट्रेटवरचा चांगला उपाय. चिपांवर वाढणारे जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात आणि नत्र वायू होऊन उडतं. पाणी चरात काही तास राहिलं पाहिजे. फार लवकर निघालं तर नायट्रेट तसंच बाहेर पडतं. फार रेंगाळलं तर नायट्रेट संपून गंधकाची पाळी येते आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला की चरातलं पाणी अडवणाऱ्या दारावरची फळी काढून प्रवाह वाढवा. पहिल्या काही आठवड्यांत बाहेरचं पाणी चहाच्या रंगाचं येतं. ते थेट लहान ओढ्यात न सोडता गवतावरून न्या. ताज्या हिरव्या पाल्याचा चुरा भरू नका, तो लवकर खचतो.

मुख्य पीक काढल्यावर उरलेलं नायट्रेट पकडायला आच्छादन पीक. त्यात वेळ सगळ्यात महत्त्वाची: कापणीनंतर आठवडाभरात उगवलं तर उपयोग, महिन्याने उगवलं तर नायट्रेट आधीच मुळांखाली गेलेलं असतं. या कामाला गवतवर्गी पीक घ्या. शेंगवर्गी पीक स्वतःच नत्र आणतं.

कालवं आणि शिनाण्यांची शेती पाणी गाळते, आणि काढलेल्या एक टन शिनाण्यांबरोबर साधारण १० किलो नत्र बाहेर येतं. चांगलं आहे, पण आकडा बघा: वरच्या उदाहरणातले ७२ टन भरून काढायला ७,००० टनांहून जास्त शिनाणे लागतील.

ओढ्यात आणि खाडीत मोजणं

ओढ्यातला भार: प्रवाह (लिटर प्रतिसेकंद) × नत्र (मिलीग्रॅम प्रतिलिटर) × ०.०८६४ = किलो प्रतिदिन. सेकंदाला ५० लिटर आणि १२ मिलीग्रॅम असेल तर दिवसाला ५२ किलो. महिन्यातून एकदा ठरल्या तारखेला नमुना घेण्याने नायट्रेटचा अंदाज येतो, स्फुरदाचा येत नाही. त्यासाठी पूर चढत असताना, माथ्यावर आणि उतरताना असे तीन नमुने घ्या. चढत्या पुराचा नमुना बहुतेकदा राहून जातो आणि नेमकं त्यातच सगळ्यात जास्त असतं. बाटल्या फॉस्फेट असलेल्या साबणाने धुऊ नका, नमुना बर्फात ठेवा आणि नायट्रेट ४८ तासांच्या आत तपासा.

खाडीत मोजायचं ते तळाशी, जमिनीपासून अर्धा मीटर वर, पहाटे उजाडायच्या आत. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडतं आणि पृष्ठभागाचा आकडा फसवा चांगला दिसतो. भांगाच्या (भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या) दिवसांत, वारा पडलेला असताना हमखास मोजा, कारण तेव्हा थर सगळ्यात पक्के असतात. उधाणाला पाणी ढवळलं जातं आणि आकडा सुधारतो. दर मीटरला प्राणवायू, तापमान आणि क्षारता नोंदवा. यंत्रात क्षारतेची दुरुस्ती चालू आहे ना, हे आधी तपासा. ती बंद असेल तर खाऱ्या पाण्यात आकडा सुमारे वीस टक्क्यांपर्यंत फुगतो. सोबत सेकी चकतीची (पाण्यात सोडून नितळपणा मोजायच्या चकतीची) खोली, आणि होडीवरच्यांनी पाहिलेल्या खुणा: पृष्ठभागाशी तोंड काढणारे मासे, कडेला चढणारे खेकडे, सापळ्यात मेलेला माल, नांगराला लागलेला काळा, वास मारणारा गाळ.

दोघांचा करार

उपायांचा क्रम लावताना एकच भागाकार करा: वर्षाचा खर्च ÷ खाडीपर्यंत न पोचलेलं नत्र. शेताबाहेर न पडलेलं नत्र हा भाजक धरू नका. मुखाजवळच्या, निचरा जलद असलेल्या शेतातलं एक किलो जवळजवळ पूर्ण पोचतं. वरच्या डोंगरातलं, धरणातून आणि पाणथळीतून येणारं, बरंचसं वाटेत संपतं. त्यामुळे सगळ्यांना सारखी १० टक्के कपात हा दिसायला न्याय्य, पण सगळ्यात महागडा मार्ग आहे. ज्या शेतांची शिल्लक ८० किलोंच्या वर आणि वाट छोटी, तिथून सुरुवात करा.

नत्र आणि स्फुरद दोन्ही धरा. गोड्या पाण्यात बहुधा स्फुरद कमी पडतं, खाडीत नत्र. नदीत फक्त स्फुरद घटवलं तर तिथलं शेवाळ कमी होतं खरं, पण न वापरलेलं नत्र मग पुढे समुद्रात जाऊन आपलं काम करतं.

शेतकऱ्याला सांगताना धोक्याची वाटणी आधी ठरवा. मात्रा कमी केलेल्या पट्ट्यात तूट आली तर ती शेजारच्या नेहमीच्या पट्ट्याच्या वजनावरून भरून देण्याचं लेखी ठरलं, की जास्त खत ‘विमा’ म्हणून टाकायची सवय सुटते. हा निधी मच्छीमार संस्था, पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था आणि सरकार यांनी मिळून उभा करावा. कारण कपातीचा फायदा यांच्याच पदरात पडतो, आणि धोका मात्र शेतकऱ्याच्या.

निकाल किती दिवसांत दिसेल, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. काळ्या समुद्राच्या वायव्य उथळ भागात १९८० च्या दशकात गुदमरलेला पट्टा ४०,००० चौरस किलोमीटरपर्यंत गेला होता. १९९० नंतर पूर्व युरोपातला खतवापर कोसळला आणि काही वर्षांतच तो पट्टा जवळजवळ नाहीसा झाला. मासळी मात्र तेवढ्या वेगाने परतली नाही, कारण अतिमासेमारी आणि बाहेरून आलेला जेलीसारखा जीव, दोन्ही तिथेच होते. जिथे पाणी भूजलातून फिरून येतं तिथे आजची कपात ओढ्यात दिसायला दहा-वीस वर्षंही लागतात. भूजलाचं वय माहीत नसेल तर उन्हाळ्यातल्या आटत्या ओढ्याचं नायट्रेट मोजा. ते जास्त असेल तर जुना साठा अजून झरतो आहे.

म्हणून पहिली तीन वर्षं यश ठरवा ते शेताच्या शिलकीवरून आणि पट्ट्यांच्या वजनावरून. चौथ्या वर्षापासून ओढ्याचा भार बघा, तोही सारख्या पावसाच्या वर्षांशी जुळवून, कारण कोरड्या वर्षी भार आपोआप घटतो. खाडीतल्या तळाच्या प्राणवायूची तुलना पाच-पाच वर्षांच्या सरासरीने करा. मेक्सिकोच्या आखातासाठी ठरवलेलं लक्ष्यही, २०३५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटर, पाच वर्षांच्या सरासरीवरच मोजलं जाणार आहे. मासळीच्या नोंदीत आकाराचे वर्ग, जाळं टाकल्याची जागा आणि तास एवढं तरी असूच द्या. या तीन रकान्यांविना पकड वाढली की घटली, ते पुढे कुणालाच सांगता येणार नाही.